बर्बनची बाटली भेट द्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीत कुणाला व्हिस्कीची बाटली भेट द्यायची वेळ आली की फोन मला येतो. बहुतेकदा थेट दुकानातून. समोर कपाट, मागे रांग आणि "लवकर सांग, यातली कुठली उचलू?" तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एका जागी लिहून ठेवलेली बरी. स्कॉचचं पुन्हा कधीतरी. इथे फक्त बर्बन.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू?

बाटलीकडे नंतर बघा, आधी ज्याला द्यायची त्या माणसाकडे बघा. त्याच्या घरी जाणं होत असेल तर कपाटावर एक नजर टाका. भरलेल्या बाटल्या सोडून द्या, त्या तुमच्यासारख्याच कुणीतरी दिलेल्या असतात. अर्धी झालेली बाटली कुठली ते बघा. त्याची खरी आवड तिथे आहे. घरी जाणं नसेल तर त्याच्या जवळच्या कुणाकडून एवढंच काढून घ्या: तो पितो कशी? नुसती, बर्फ घालून, सोडा-कोला घालून, की कॉकटेल करून? हे कळलं की निम्मं काम झालं.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. एका काकांना मी मोठ्या हौसेने पिंपातून जशीच्या तशी, पाणी न घालता भरलेली, साठ टक्क्यांच्या वरची बर्बन नेऊन दिली होती. काका आयुष्यभर ग्लासभर बर्फ आणि वर सोडा असे पिणारे. त्यांनी बूच काढून नाक जवळ नेलं, डोळ्यांत टचकन पाणी आलं, मग बाटली उजेडात धरून म्हणाले, "रंग सुरेख आहे रे." दोन वर्षांनी गेलो तर पातळी तिथल्या तिथेच. फक्त बाटली शोकेसमध्ये पुढच्या रांगेत आली होती.

बर्बन म्हणजे नेमकं काय? व्हिस्कीच ना?

व्हिस्कीच, पण अमेरिकेच्या कायद्याने चौकट आखून दिलेली. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. साठवण ओकच्या कोऱ्या करकरीत आणि आतून जाळून कोळसा केलेल्या पिंपात हवी. डिस्टिलेशनमध्ये अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर नको आणि बाटलीत ४० च्या खाली नको. वरून रंग किंवा स्वाद मिसळायला बंदी. तीव्रता कमी करायला पाणी तेवढं चालतं. तो तांबूस रंग, तो व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास, हे सगळं त्या लाकडाचं देणं आहे. जाळताना ओकमधली साखर कोळशाच्या थराखाली खरपूस होते आणि व्हिस्की वर्षानुवर्षं त्यात मुरते.

१९६४ साली अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचं खास उत्पादन ठरवलं. त्यामुळे दुसऱ्या देशात कुणी अगदी तशीच व्हिस्की केली तरी अमेरिकेत तिला बर्बन म्हणून विकता येत नाही. केंटकीतच बनायला हवी, हा मात्र गैरसमज. बरीचशी बर्बन केंटकीत बनते, पण कायद्याने अमेरिकेतलं कुठलंही राज्य चालतं.

मग जॅक डॅनियल्स बर्बनच का?

लेबलवर 'टेनेसी व्हिस्की' लिहिलेलं असतं. पिंपात भरण्याआधी ती मेपलच्या लाकडी कोळशातून गाळतात. बाकी कृती बर्बनच्या जवळचीच. ज्याने ठासून 'बर्बन' मागितली आहे त्याला ही देऊ नका, पुढची सगळी मैफल याच वादात जाईल.

ज्याला द्यायची तो पक्का स्कॉचवाला आहे. त्याला बर्बन चालेल?

चालेल, आणि बोलायला एक विषयही मिळेल. कोरं पिंप बर्बनसाठी एकदाच वापरता येतं. रिकामं झालं की त्यातली कितीतरी स्कॉटलंडला जातात आणि त्यांत स्कॉच मुरते. म्हणजे त्याच्या लाडक्या स्कॉचचं पिंप आधी बर्बनचं असण्याची शक्यता दांडगी. पण त्याला धुरकट, पीटचा (स्कॉटलंडमध्ये जाळायला वापरतात त्या दलदलीतल्या मातीचा) वास असलेली स्कॉच आवडत असेल तर तो धूर बर्बनमध्ये मिळणार नाही, ही कल्पना असू द्या. अशा माणसाला गोडसर, मऊ बाटलीपेक्षा राय (गव्हासारखं एक धान्य) जास्त असलेली मसालेदार बाटली जास्त पटते असा माझा अनुभव.

राय, गहू... ही काय भानगड आहे?

मक्यानंतर दुसरं धान्य कुठलं, यावर चवीचा कल ठरतो. थोडी मोड आणलेली बार्ली जवळपास सगळ्यांतच असते. उरलेली जागा बहुतेकदा राय घेते, आणि राय म्हणजे मिरी, दालचिनी, जिभेवर हलकी चुरचुर. काही जण रायऐवजी गहू घालतात. मग तिखटपणा जातो आणि चव गोल, मऊ, ताज्या ब्रेडसारखी होते.

गव्हाची म्हणून सहज ओळखू येणारी नावं: मेकर्स मार्क, लार्सनी, वेलर. राय जास्त असलेल्यांत बुलेट आणि ओल्ड ग्रँड-डॅड. फोर रोझेसची तऱ्हा न्यारी. त्यांच्याकडे धान्याची दोन मिश्रणं आणि यीस्टचे पाच प्रकार, म्हणजे एकाच छताखाली दहा पाककृती. त्यातल्या एका मिश्रणात ३५ टक्के राय असते, जी बर्बनच्या मानाने बरीच झाली.

नवख्याला गहू, मुरलेल्याला राय, असं ढोबळमानाने धरून चाला. चुकलात तरी फार चुकणार नाही.

लेबल वाचून काय कळतं? सगळ्यांवर घोडे, आजोबा आणि जुनी सालंच दिसतात.

बरोबर पकडलंत. आजोबांची गोष्ट आणि सोनेरी अक्षरं बाजूला ठेवा. बाटली हातात घ्या आणि चारच गोष्टी शोधा.

पहिली, 'स्ट्रेट' हा शब्द. याचा अर्थ निदान दोन वर्षं पिंपात मुरलेली. आणि इथे एक युक्ती आहे: चार वर्षांहून कमी मुरलेली असेल तर वय लेबलवर छापावंच लागतं. म्हणजे 'स्ट्रेट' लिहिलंय पण वयाचा आकडा कुठेच नाही, तर आतली व्हिस्की निदान चार वर्षांची आहे असं समजा. आकडा असेल तर तो बाटलीतल्या सर्वांत लहान व्हिस्कीचा. बाकीची मोठी असू शकते.

दुसरी, टक्केवारी. अमेरिकी बाटलीवर 'प्रूफ' लिहितात. त्याचं निम्मं केलं की अल्कोहोलचं प्रमाण. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. भेटीसाठी मला ४५ ते ५० मधली बाटली सगळ्यांत सुरक्षित वाटते. नुसती पिणाऱ्याला झेपते आणि बर्फ वितळल्यावर पाणचट होत नाही.

तिसरी गोष्ट मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. 'डिस्टिल्ड बाय' आणि पुढे कंपनीचं नाव असेल तर बनवणारा तोच. नुसतं 'बॉटल्ड बाय' असेल तर व्हिस्की दुसरीकडून विकत घेऊन भरलेली असण्याची शक्यता मोठी. यात फसवणूक आहे असं नाही. इंडियानातल्या लॉरेन्सबर्गच्या एका मोठ्या डिस्टिलरीतली उत्तम व्हिस्की कित्येक नावांनी बाजारात येते. फक्त मग त्या आजोबांच्या गुप्त पाककृतीचे पैसे मोजू नका.

चौथी, 'ब्लेंडेड बर्बन' असं काही दिसलं तर बाटली परत ठेवा. त्यात निम्म्याच्या आसपास नुसतं बेचव स्पिरिट चालतं, रंगही घालता येतो.

आणि 'स्मॉल बॅच'? या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही. दहा पिंपं मिसळली तरी स्मॉल, शंभर मिसळली तरी स्मॉल. 'सिंगल बॅरल' म्हणजे एकाच पिंपातली, त्यामुळे दर पिंपाची चव थोडी वेगळी. शौकिनाला हे आवडतं. कधी कधी एखादं दुकान अख्खं पिंप चाखून, निवडून स्वतःसाठी भरून घेतं आणि बाटलीवर तशी वेगळी चिठ्ठी लावतं. ज्याच्याकडे सगळं आहे त्याला द्यायला ती बाटली फार छान, कारण नेमकी तीच चव पुन्हा मिळत नाही.

'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेली बाटली चांगली असते का?

मला विचाराल तर कपाटातला सगळ्यांत प्रामाणिक शिक्का तोच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली वाटेल ते विकलं जायचं. कच्च्या स्पिरिटला रंग आणि स्वाद लावून जुनी व्हिस्की म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे. केंटकीचे कर्नल ई. एच. टेलर यांच्यासारख्या डिस्टिलरीवाल्यांनी त्याविरुद्ध जोर लावला आणि १८९७ मध्ये कायदा झाला. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात बनलेली, सरकारी देखरेखीखालच्या गोदामात निदान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांवर भरलेली असेल तरच हा शब्द. हंगाम म्हणजे वर्षाचे दोन भाग: जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. डिस्टिलरीचा नोंदणी क्रमांकही लेबलवर असतो.

गंमत म्हणजे या शिक्क्याच्या कित्येक बाटल्या बऱ्यापैकी स्वस्त असतात. एव्हन विल्यम्सची पांढऱ्या लेबलवाली घ्या. कॉकटेल करणाऱ्या मित्राला ती दिलीत तर तो तुम्हाला जाणकार समजेल.

पुरे झालं ज्ञान. नावं सांगा.

सांगतो. ही माझी पसंती, शिलालेख नव्हे.

पहिल्यांदाच बर्बन चाखणार असेल तर मेकर्स मार्क. ४५ टक्के, गव्हाची, कुठेही टोचत नाही. बाटलीच्या मानेवर लाल मेण ओघळलेलं असतं. ही कल्पना मार्जी सॅम्युअल्स यांची, आणि आजही बाटली हाताने मेणात बुडवतात, म्हणून प्रत्येक ओघळ वेगळा. भेट म्हणून हिला कागद गुंडाळायचीही गरज नाही. उघडताना सुरी घेऊन मेण खरवडत बसू नका. मेणाखाली एक पट्टी असते, तिचं टोक धरून ओढलं की वरची टोपी निघते. या बाटलीचे चाहते किती कडवे असावेत? २०१३ मध्ये माल पुरेना म्हणून कंपनीने अल्कोहोल ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, तर असा गदारोळ झाला की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला.

रोज संध्याकाळी एक घेणाऱ्याला बफलो ट्रेस किंवा एलायजा क्रेग स्मॉल बॅच. दोन्ही मधल्या फळीतल्या, भरवशाच्या.

ओल्ड फॅशन्ड किंवा मॅनहॅटन ही कॉकटेल करणाऱ्याला वाइल्ड टर्की १०१. ५०.५ टक्के असल्यामुळे साखर, बिटर्स, बर्फ यांच्या गर्दीतही चव हरवत नाही. लेबलवरचा टर्की पक्षी दिसायला काही राजेशाही नाही, हे मान्य. पण जाणकाराच्या चेहऱ्यावर ही बाटली बघून जे हसू येतं ते महागड्या खोक्याने येत नाही.

नुसती, निवांत पिणाऱ्या मुरलेल्या माणसाला फोर रोझेस सिंगल बॅरल, रसेल्स रिझर्व्हची दहा वर्षांची किंवा नॉब क्रीकची नऊ वर्षांची. त्याला दणकट आवडत असेल तर ओल्ड फॉरेस्टर १९२०, ५७.५ टक्के; हिच्यात चॉकलेटचा भास मला दर वेळी होतो.

ऑफिसातले वरिष्ठ, होणारे सासरे, म्हणजे जिथे आवड माहीत नाही पण बाटली दिसायला भारदस्त हवी, तिथे वुडफर्ड रिझर्व्ह. रुंद, चपटी बाटली टेबलावर शोभते आणि चवीला नावं ठेवणारा विरळा.

आणि बुकर्स. जिम बीम यांचे नातू बुकर नो यांनी पिंपातून जशीच्या तशी भरलेली बर्बन आधी सणासुदीला मित्रांना भेट द्यायला काढली होती, मग ती विक्रीला आली. म्हणजे जन्मापासूनच भेटीची बाटली. लाकडी खोकं, दणदणीत साठीच्या पुढची टक्केवारी. पण काकांची गोष्ट आठवा आणि मगच उचला.

पॅपी व्हॅन विंकल कुठे मिळेल? पैशांची फिकीर नाही.

पॅपी म्हणजे गव्हाची, फार दुर्मिळ बर्बन. पैशांची फिकीर नसणारे बरेच आहेत, बाटल्या थोड्या. अडचण तिथेच आहे. वर्षातून एकदा थोडासा माल येतो आणि दुकानं सोडत काढून विकतात. २०१३ मध्ये तर केंटकीच्या डिस्टिलरीतून सुमारे २०० बाटल्या चोरीला गेल्याचं उघड झालं होतं. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन घ्यायचा विचार असेल तर जपून; रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यात भलतंच भरणारे महाभाग आहेत. गव्हाची मऊ चव हवी असेल तर लार्सनी घ्या आणि उरलेल्या पैशांत छान ग्लास घ्या.

ब्लँटन्सचंही थोडंफार तसंच, पण ती अधूनमधून रास्त भावात सापडते आणि सापडली तर सोडू नका. १९८४ साली एल्मर टी. ली यांनी एकाच पिंपातली बर्बन म्हणून ही बाजारात आणली आणि 'सिंगल बॅरल'ची लाट इथून सुरू झाली. गोलसर, पैलू पाडलेली बाटली आणि बुचावर धातूचा घोडा आणि त्याचा स्वार. ही बुचं आठ प्रकारची: घोडा उभा असल्यापासून शर्यत जिंकेपर्यंत. प्रत्येकावर बारीक एक अक्षर, आठही जमवली की 'ब्लँटन्स' हे नाव पूर्ण होतं. ज्याला द्यायची तो जमवणारा असेल तर त्याच्याकडे कुठलं अक्षर नाही ते हळूच विचारून ठेवा. तेवढ्यासाठी दुकानदाराला चार खोकी उघडायला लावणारे लोक मी पाहिलेत. मीही त्यातलाच.

जितकी जुनी तितकी भारी, हे खरं ना?

बर्बनच्या बाबतीत एका मर्यादेपर्यंतच. पिंप कोरं असतं आणि केंटकीचा उन्हाळा कडक, त्यामुळे लाकूड भराभर उतरतं. सहा ते बारा वर्षांत बहुतेक बर्बन ऐन भरात असते. पुढे जपलं नाही तर कडवट, तुरट, लाकूड चघळल्यासारखी. पिंपातून दरवर्षी थोडी उडूनही जाते, त्याला गमतीने 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. वीस वर्षांची बाटली महाग असते ती बरीचशी या उडालेल्या मालामुळे.

लग्नाच्या किंवा जन्माच्या सालाची बाटली मिळेल का?

व्हिस्की बाटलीत गेली की तिचं मुरणं थांबतं, त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या सालाला तसा अर्थ नाही. पण लग्नाला सात-आठ वर्षं झालेल्या जोडप्यासाठी एक छान सोय आहे: एव्हन विल्यम्स सिंगल बॅरलवर पिंपात भरल्याची आणि बाटलीत भरल्याची अशा दोन्ही तारखा असतात. साल जुळवा. तारीखही जुळली तर नशीब.

मध किंवा दालचिनी घातलेली 'फ्लेवर्ड' बाटली?

तो स्वतः मागत असेल तरच. पण पोर्ट वाइनच्या पिंपात शेवटचे काही महिने ठेवलेली एंजल्स एन्व्ही हा वेगळा प्रकार आहे, तो जरूर द्या. वाइन आवडणाऱ्याला खास.

विमानातून नेता येईल? पोस्टाने पाठवू?

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे २४ ते ७० टक्के अल्कोहोलची बाटली चेक-इन सामानात नेता येते; न उघडलेली, दुकानातल्या मूळ पॅकिंगमध्ये, माणशी एकूण पाच लिटरपर्यंत. ७० टक्क्यांच्या वरची मात्र कुठल्याच सामानात चालत नाही, आणि पिंपातून थेट भरलेल्या काही बाटल्या ती रेषा ओलांडतात, म्हणून आकडा बघूनच बॅग भरा. बाहेरच्या देशात उतरणार असाल तर तिथली कस्टम्सची मर्यादा आधी बघा. कपड्यांत गुंडाळण्याआधी बाटलीला प्लॅस्टिकची पिशवी घाला. फुटली तर निदान कपडे तरी वाचतील.

अमेरिकी टपाल खात्यातून दारू पाठवायला बंदी आहे. परवाना असलेल्या दुकानाकडूनच घरपोच पाठवा. घेणारा २१ वर्षांचा हवा, हेही आलंच.

समारंभ दोन महिन्यांनी आहे. तोवर कशी ठेवू?

उभी, अंधारात, फार गरम नसलेल्या जागी. वाइनसारखी आडवी ठेवू नका. कडक दारू बुचाला सतत लागत राहिली की बूच भुसभुशीत होतं. मी एकदा जागा वाचवायला एक बाटली आडवी सारून विसरलो होतो. चारचौघांत उघडायला गेलो तर वरचा अर्धा तुकडा हातात, खालचा आत. शेवटी चहाच्या गाळणीतून गाळून प्यालो. चव ठीक होती, माझा रुबाब गेला.

सोबत काय द्यावं?

खाली फुगीर आणि वर निमुळते असे दोन ग्लास. एकच देऊ नका.

त्यांनी तिथेच उघडली आणि मलाही ओतली तर?

थोडीच घ्या. पाच मिनिटं ग्लासात तशीच राहू द्या. वास घेताना नाक आत खुपसू नका, ओठ किंचित उघडे ठेवून दुरूनच घ्या, म्हणजे अल्कोहोल झोंबत नाही. पहिला घोट जेमतेम जीभ भिजेल एवढा. तो नेहमी भाजतोच, त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्याला चव लागते. मग दोन थेंब पाणी घालून बघा. पीत नसाल तर सरळ नको म्हणा, नुसता वास घेऊनही गप्पा होतात.

किमतीची चिठ्ठी काढायची का?

काढायची. डिंकाचा चिकट डाग राहिला तर खाद्यतेलाचा थेंब चोळा, दहा मिनिटांनी पुसा. कागदी लेबलला मात्र तेल लागू देऊ नका, पसरतं.